मास्तरांच्या पेटीतला बर्फाचा गोटा

मास्तर,

तुमच्या पेटीची किल्ली माझ्यासमोर टेबलावर पडली आहे. काल वहिनींनी दिली. म्हणाल्या, "भाऊजी, ते दगडं तुमीच पाहा. मले त्यातला एक बी ओळखू येत नाई. मी फक्त त्याह्यच्या मधून झाडू मारला."

मंगळवारी नागपूरच्या कॉलेजातले प्रोफेसर माणूस पाठवणार आहेत. तुमचे सगळे दगड चिठ्ठ्यांसकट तिथल्या कपाटात जाणार, काचेमागे, खाली तुमचं नाव. कारखान्याच्या नमुना यार्डात हातोडी घेऊन उभा राहणारा माणूस कॉलेजच्या कपाटात जातो आहे, ही केवढी गोष्ट! पण मास्तर, त्या दगडांत एक दगड खोटा आहे. तो मी केला. तुम्हाला कधी सांगितलं नाही. आता तो काचेमागे गेला तर कोणीतरी शिकलेला पोरगा एका नजरेत ओळखणार आणि हसणार, आणि खाली नाव तुमचं असणार.

आपल्या गणेश मंडळाच्या हस्तलिखित अंकासाठी तुमच्यावर दोन शब्द लिहा, असं चिटणीसांनी मला सांगितलं आहे. जन्मगाव, शिक्षण, हुद्दा, एवढं लिहिलं तरी चालेल म्हणाले. ते सगळं त्यांच्या रजिस्टरात आधीच आहे, पुन्हा मी कशाला लिहू? आज रविवार आहे, दुपार आहे, आमची रुख्मा आत झोपली आहे. मी तुमच्याशीच बोलतो. बोलून झालं की पेटी उघडतो. आधी उघडायची हिंमत नाही.

आपली ओळख उन्हाने करून दिली. तेव्हा पोलादाचा कारखाना म्हणजे नुसता खड्डा आणि मुरमाचे ढीग होता, आणि आपण कॅम्पातल्या टिनाच्या खोल्यांत राहत होतो. मे महिना होता. मी दारात ओला पंचा डोक्यावर घेऊन बसलो होतो. तुम्ही तुमसरकडची शाळा सोडून आलात, एकमेकांची नावं सांगून झाली. एक वळकटी, वहिनी, आणि एक पेटी, जी दोन हमालांना उचलेना. मला वाटलं मास्तरकी करून बरंच जमवलं आहे. एका बाजूने हात लावला, झाकण सरकलं, आत दगड.

"अथी भिलाईत दगडं कमी हाय का मास्तर, जे घरून आणले?"

तुम्ही घामाने निथळत होता. चष्मा पुसलात आणि म्हणालात, "गुलाब, तू जथी बसून राह्यला ना, तथी एका काळात बर्फ होता. ह्या छपराच्या कितीक वर."

मी आत हाक मारली, "रुख्मे, पाणी आन लवकर. पाहुण्याले ऊन लागलं."

तुम्ही पाणी प्यालात, तांब्या खाली ठेवलात आणि शाळेतल्या ढ पोराकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलंत. त्यानंतर जी शाळा सुरू झाली ती गेल्या महिन्यापर्यंत चालली. मी त्यात कधी पास झालो नाही.

तुमचं काम यार्डात. चुनखडीची, कोळशाची, दगडमातीची वॅगन आली की वर चढायचं, हातोडीने तुकडे पाडायचे, कापडी पिशवीत भरायचे आणि पिशवीला चिठ्ठी बांधायची. नाव, ठिकाण, खुणा, कारण, आणि खाली दोन सह्या, एक देणाऱ्याची आणि एक घेणाऱ्याची. बिनाचिठ्ठीचा दगड म्हणजे नुसता दगड, असं तुम्ही म्हणायचात. कारखान्याच्या चिठ्ठीत 'कारण' म्हणजे नमुना कशासाठी घेतला ते. घरच्या दगडांना मात्र तुम्ही त्या रकान्यात तो दगड असा का झाला ते लिहायचात. 'कारण: समुद्र.' 'कारण: ज्वालामुखी.' खिशात तेजाबाची, ॲसिडची, छोटी बाटली असायची. शंका आली की दगडावर थेंब टाकायचा. फेस आला तर चुनखडी.

चिठ्ठ्यांची सवय घरातही शिरली. वहिनींच्या मिठाच्या बरणीवर चिठ्ठी होती, 'मीठ, दुर्ग बाजार'. माझा सायकलचा पंप नेलात तर त्याला चिठ्ठी बांधून माझी सही घेतलीत. आणि रुख्माने अंबाडीच्या भाजीची वाटी पाठवली तेव्हा तर कहर झाला. चिठ्ठी घेऊन तुम्ही दारात हजर. "वहिनी, देणाऱ्याची सही."

रुख्मा संतापली. "भाजी खाल्ली ना? मंग सही कायची?" खरी गोष्ट अशी की तिला सही येत नव्हती. तुम्ही चिठ्ठी खिशात घातलीत. दुसऱ्या दिवशी पाटी आणून ठेवलीत. तुमच्या वाटीपायी माझी बायको अक्षरं शिकली, मास्तर, आणि त्या चिठ्ठीवर तिने सही केली. आज रेशनच्या दुकानात ती अंगठा देत नाही. हे मी तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही. वाटलं, काय घाई आहे.

तुमची शिकवणी म्हणजे माझ्या मानेचे हाल. कंदील हा सूर्य आणि माझं डोकं ही पृथ्वी. "जरा कलती कर मान. अजून. आता थोडी सरळ." पृथ्वी हजारो वर्षांत मान कमीजास्त कलती करते, सूर्याभोवतीची तिची वाट कधी गोल होते कधी लांबट, आणि तेवढ्या फरकाने उत्तरेला बर्फ वाढतो नाहीतर वितळतो, हे मला तुम्ही मान मोडेपर्यंत समजावलंत. रुख्माने दोन दिवस तेल चोळलं. तिने विचारलं, "पृथ्वीच्या मानेले कोन तेल लावते?" तुम्ही कंदिलाची वात खालीवर करत बसलात. मला तो दिवस फार आवडतो.

मग नागपूरकडचा काळा दगड. तो सगळा जमिनीतून उकळून वर आलेला. त्या राखेने सूर्य झाकला की काही वर्षं गारठा, आणि राख खाली बसल्यावर मागे राहिलेल्या वायूने पुढे कितीतरी काळ उकाडा. मग तो कोबीचा दगड. चुनखडीच्या वॅगनीत सापडलेला, आडवा कापला तर आत पापुद्र्यावर पापुद्रा, अगदी पत्ताकोबी. तुम्ही तो छातीशी धरून घरी आणलात. इथे उथळ, कोमट समुद्र होता, त्याच्या तळाला शेवाळासारखं काहीतरी वाढायचं, त्याचे हे थर, असं तुम्ही सांगत होता. मी म्हटलं, म्हणजे इथे आधी समुद्र, मग बर्फ, मग ज्वालामुखी, आणि आता मी? तुम्ही म्हणालात, "हो. अन् सगळ्यात जास्त कटकट तुहीच."

खरा वाद वेगळाच होता. पहिली भट्टी पेटली त्या दिवशी आकाश लाल झालं आणि सगळा कॅम्प बाहेर येऊन बघत राहिला. पुढच्या उन्हाळ्यापासून जो तो म्हणायला लागला की कारखान्याने ऊन वाढवलं, पाऊस पळवला. मीही म्हणायचो. तुम्ही भडकायचात.

"चार चिमण्या पाहून भेला का बे? माणसाची ताकद किती? ज्वालामुखीपुढं तुया चिमण्या म्हंजे बिडी."

"बिडीनं बी खोली धुरानं भरते, मास्तर."

"ही खोली नाई, पृथ्वी हाय. तिचं हवामान बदलाचं कारण सूर्य, तिची मान, ज्वालामुखी, समुद्र, डोंगर. माणूस त्या रकान्यात बसतच नाई!"

हा वाद आपण हथखोजच्या रस्त्यावर सायकलीवरून केला, रेशनच्या रांगेत केला, तुमच्या मेव्हण्याच्या लग्नात पंगतीत बसून केला. वाढपी तीनदा बुंदी घेऊन आला आणि तीनदा तसाच गेला. तुम्ही एक इंच मागे सरकला नाहीत. मीही नाही. मला विज्ञान येत नव्हतं, पण तुम्हाला चिडवता येत होतं.

आणि तो रशियन इंजिनियर! आमच्या फिटरांच्या वर्कशॉपमध्ये होता तो, दारात मावणार नाही एवढा. मे महिन्यात माठाच्या बाजूला खुर्ची टाकून बसायचा. तुम्हाला वाटलं, बर्फाच्या देशचा माणूस, याला तरी कदर असेल. दुभाष्याला मध्ये घालून तुम्ही त्याला सांगितलंत की या जागेवर पूर्वी बर्फ होता. तो बराच वेळ काहीतरी बोलला. दुभाषा म्हणाला, "साहब पूछ रहे हैं, वापस कब आएगा?" तुम्ही बोटांवर हिशेब केलात आणि प्रामाणिकपणे म्हणालात, "जल्दी से जल्दी भी कुछ हज़ार साल." साहेबाने ऐकलं, उठला, आणि अख्खा माठ स्वतःच्या डोक्यावर ओतला. प्यायचं पाणी गेलं म्हणून शिव्या मात्र मी खाल्ल्या.

आता गोट्याचं.

तुमचं एकच वेड बाकी होतं. कोळशाच्या खाणींकडे थराच्या खाली बर्फाने वाहून आणलेले गोटे असतात, आणि त्यांच्यावर ओरखडे असतात. बर्फ दगडाला दगडावर घासत नेतो, त्याच्या त्या खुणा. तिकडे जायला तुम्ही दोनदा रजा मागितलीत, दोनदा मिळाली नाही. दुसऱ्यांदा अर्ज परत आला तेव्हा तुम्ही दोन दिवस कोणालाच शिकवलं नाहीत. वहिनी येऊन रुख्माला म्हणाल्या, "हे बोलून नाई राह्यले व. मले भेव लागते." मलाही तुमची शांतता सहन होईना.

म्हणून मी शिवनाथ नदीवर गेलो. पुलाखालून एक गोटा उचलला. तो फार कडक निघाला, कानशीचेच दात गेले. मग दुसरा घेतला, मऊसर. शॉपमध्ये वाइसच्या पकडीत आवळला आणि बारा इंची कानशीने ओरखडे काढले. फिटरचा हात आहे, मास्तर. एकेक रेघ सरळ, साफ, एकसारखी. वर तेल आणि कोळशाची भुकटी चोळली. मला माझ्याच कामाचा अभिमान वाटला. ठरवलं होतं, दुपारच्या चहाला द्यायचा, मास्तरांना पाच मिनिटं नाचू द्यायचं, मग सांगून टाकायचं, दोघं पोट धरून हसू.

"मास्तर, कोळशाच्या वॅगनीत भेटला. तुमच्या कामाचा हाय का पाहा."

तुम्ही गोटा हातात घेतलात. चष्मा कपाळावर केलात. उलटा केलात, सुलटा केलात. मी ओठ चावून उभा. आणि मग तुमचे डोळे भरून आले. "गुलाब, तुले मालूम हाय का, तू काय आनलं?" एवढंच म्हणालात आणि गोटा कपाळाला लावलात.

आता सांगा, मी काय बोलणार होतो? संध्याकाळी वहिनींनी खोल्यांच्या सगळ्या ओळीला शिरा वाटला. तोंडात तुमच्या घरचा शिरा असताना 'तो गोटा खोटा आहे' असं कोणाला म्हणता येतं? तुम्ही म्हणालात, "चिठ्ठी उद्या नीट करतो, मंग तू देणाऱ्याची सही कर." मी म्हटलं, करतो.

ते उद्या आलंच नाही. तुम्ही चिठ्ठी आणली नाहीत. भाजीच्या वाटीची सही न विसरणारा माणूस ही सही कशी विसरला, असा प्रश्न मला पडायला हवा होता. नाही पडला. मला फक्त सुटल्यासारखं वाटलं. त्या गोट्याबद्दल तुम्ही पुढे बोलणंही कमी केलंत. मी समजलो, मोठा आनंद माणूस मनातच ठेवतो.

गणपतीत मंडळाने तेच नागपूरचे प्रोफेसर व्याख्यानाला बोलावले आणि तुम्ही तुमचे दगड मांडणार असं ठरलं. त्या दिवशी सकाळपासून तुम्हाला आधी गाठून सांगावं म्हणून चारदा तुमच्या दारापर्यंत आलो, चारदा वहिनींनी चहा दिला, आणि मी चहा पिऊन परत गेलो. मांडवात तुम्ही कोबीचा दगड दाखवलात, प्रोफेसर खूश. काळा दगड दाखवलात, प्रोफेसर अजून खूश. मग चिटणीस मागून ओरडले, "मास्तर, तो बर्फाचा गोटा दाखवा ना!" मी खांब घट्ट धरला. तुम्ही पिशवीत हात घातलात, चाचपलात, आणि म्हणालात, "घरीच राह्यला वाटते."

दुसऱ्या दिवशी मी गणपतीपुढे नारळ फोडला. तुम्हालाही खोबरं दिलं. तुम्ही चावता चावता विचारलंत, "कायचा नारळ गा?"

"सहजच."

"सहज कोनी नारळ फोडत नाई, गुलाब." आणि माझ्याकडे बघत राहिलात. मी म्हटलं ड्यूटीला उशीर होतो आहे, आणि सायकल काढली. त्या दिवशी माझी साप्ताहिक सुट्टी होती.

शेवटचं भांडण गेटवर झालं. तुम्ही ड्यूटीवरून सुटत होता, मी चढत होतो. तुम्ही माझ्या सायकलीचा हँडल धरलात. चेहरा असा की वाद घालायचा आहे पण कोणाच्या बाजूने ते ठरलेलं नाही.

"गुलाब, मी एक इचार करून राह्यलो. कोळसा म्हंजे जुने झाडं. त्याह्यनं हवेतलं खाल्लं अन् जमिनीत गेले. धरतीनं ते करोडो वर्सं दाबून ठेवलं. अन् आपन रोज वॅगनीच्या वॅगनी काढून जाळून राह्यलो."

"मंग?"

"मंग ते जाते कोठी?"

मी म्हटलं, "मास्तर, तुमी माया पार्टीत येऊन राह्यले का?" तुम्ही हसलात आणि म्हणालात, "थांब, पुरं ऐक." तेवढ्यात भोंगा झाला. मी हँडल सोडवला. "उद्या सांगा," म्हटलं. सकाळी तुम्ही यार्डात वॅगनीवर चढलात आणि हातोडी हातात असतानाच खाली बसलात. पाळी बदलून मीही सकाळचा आलो होतो; निरोप आला तेव्हा मी वाइसवर होतो. कोणता पार्ट करत होतो ते आठवत नाही.

शिवनाथच्या काठावर, त्याच पुलाखाली, तुम्हाला निरोप दिला. सगळे तुमच्याकडे बघत होते आणि मी खाली गोट्यांकडे. माझी लाज तिथे सगळीकडे पसरली होती. मास्तर, तुम्ही गेल्यापासून मला कोणीही ढ म्हटलेलं नाही. मला करमत नाही. भट्टीकडून सायकलने घरी येताना अजून तुमच्या दाराशी पाय जमिनीला टेकतो, आणि मग आठवतं.

इथवर लिहिलं आणि उठलो. रुख्मालाही उठवलं, एकट्याने होईना. ठरवलं होतं, गोटा काढून घ्यायचा, शिवनाथमध्ये टाकून यायचा, कोणाला काही कळणार नाही.

पेटी उघडली. एकेक दगड कापडात, दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. समुद्र. ज्वालामुखी. समुद्र. माझा गोटा सगळ्यात खाली होता, तुमच्या मफलरमध्ये गुंडाळलेला. दोऱ्याला चिठ्ठी होती. तुमचं ते शाळेतलं अक्षर:

'नाव: चुनखडीचा गोटा. तेजाबाने फेस आला.
ठिकाण: शिवनाथ. (कोळशाची वॅगन, असे गुलाब म्हणतो.)
खुणा: ओरखडे सरळ, एकसारखे. बर्फाला इतके साफ काम जमत नाही.
कारण: माणूस.
शेरा: फेकू नये.'

मी खाली बसलो. आधी हसू आलं. एवढं की रुख्मा घाबरली. मग ती चिठ्ठी तिने माझ्या हातातून घेतली आणि अक्षरावर बोट ठेवत, थांबत थांबत, मोठ्याने वाचली. 'माणूस' पर्यंत आली तेव्हा मी रडत होतो. माणूस त्या रकान्यात बसतच नाही म्हणून तुम्ही सगळी वर्षं माझ्याशी भांडलात, आणि बसवलंत तेव्हा मला बसवलंत. दुसऱ्या दिवशीच थेंब टाकला असणार तुम्ही. म्हणजे मांडवात पिशवी चाचपलीत ती माझ्यासाठी. नारळाचं विचारलंत तेही माझ्यासाठी.

पेटी मंगळवारी आहे तशी जाईल, मास्तर, गोट्यासकट. नागपूरचे लोक वाचतील आणि हसतील. हसू दे, तुमच्यावर हसणार नाहीत.

रुख्मा अजून चिठ्ठी बघत होती. म्हणाली, "अवो, हे पाहा, खाली."

खाली दोन सह्या. घेणाऱ्याची सही तुमची होती. देणाऱ्याची जागा रिकामी होती. एवढी वर्षं तुम्ही ती रिकामी ठेवली होती.

"मंग करा ना," रुख्मा म्हणाली. "मी नाई का वाटीची केली होती?"

मी सही केली. हात फिटरचा आहे, पण रेघ सरळ आली नाही.